दिवाडीच्या बांधावरून

देवळाशी बांधलेल्या आपल्या घराण्यांना बहुधा दोन गावे असतात. एक, देव आज जेथे आहे ते. आणि दुसरे, देव जेथून निघाला ते. पहिल्या गावी आपण वर्षातून एकदा तरी जातो, अभिषेक करतो, महाजनांच्या सभेत हिशेबावरून चार शब्द बोलतो आणि प्रसादाचा नारळ पिशवीत घालून परततो. दुसरे गाव केवळ उच्चारण्यासाठी असते. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, देवकीकृष्ण चोडणहून माशेलास आला, महागणपती दिवाडीहून खांडोळ्यास आला, हे आपल्या मुलांना मुंजीच्या वयातच पाठ असते. पण कुशस्थळीस, चोडणास किंवा दिवाडीस मुद्दाम जाऊन आलेला माणूस शोधावा लागतो. अंतराची सबब येथे चालण्यासारखी नाही. पणजीहून निघालेल्या माणसाला दिवाडी बेटावर पोचायला तासभरही लागत नाही, आणि नार्व्याच्या देवळातून निघालेल्याला तर मध्ये एक नदी तेवढी ओलांडायची असते. पण जुन्या ठिकाणाकडे पाठ करून बसण्याची आपली वहिवाट काही शतकांची आहे, आणि वहिवाट ही चीज लेखी कायद्याहून किती चिवट असते हे आम्हा वकिलांना कोणी सांगायला नको.

आमच्या कुळाचा देव सप्तकोटेश्वर. गोव्याच्या कदंब राजांचे हे आराध्य दैवत. आपल्या नाण्यांवर सप्तकोटीशाच्या वरप्रसादाचा उल्लेख करण्यात त्या राजांना भूषण वाटे. बाराव्या शतकातील शिवचित्त पेर्माडी आणि त्याची राणी कमलादेवी ही नावे आम्हा बेळगावकरांनाही परकी नाहीत, कारण कित्तूरच्या बाजूला देगाव येथे जे कमलनारायणाचे कोरीव देऊळ आहे ते त्या राणीच्याच नावाचे. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ चौदाव्या शतकात बहामनी सत्तेच्या काळात पडले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने त्याच शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडले. देवाच्या लिंगाचा उपयोग त्यानंतर विहिरीवर पाणी शेंदण्याच्या कामी केला जात असे, आणि भक्तांनी तेथून ते गुपचूप नदीपार नेले, अशी परंपरा आहे. पलीकडच्या तीरावर डिचोलीच्या मुलखात जे लहानसे देऊळ झाले, त्याच्या उभारणीची आज्ञा शिवाजी महाराजांनी शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली दिली. तसा शिलालेख तेथे आहे. अगदी अलीकडे, २०२३ साली, गोवा सरकारने त्या वास्तूचे नूतनीकरण पुरे केले. नदीच्या दोन्ही काठांवरील गावांचे नाव मात्र एकच : नार्वे. देवाबरोबर नावही पलीकडे गेले आणि तरी मागे उरले, असे लोक सांगतात.

आमचे घराणे पिढ्यान् पिढ्या बेळगावात. वर्षातून एकदा नार्व्यास जायचे, पूजा झाली की धक्क्यापर्यंत फिरून यायचे, पलीकडच्या माडांकडे पाहून वडीलमाणसांनी ‘ते जुने नार्वे’ म्हणायचे आणि आम्ही मान डोलवायची, हा क्रम. फेरीबोट समोरून येते, माणसे उतरतात, दुसरी चढतात, ती जाते. तिच्यात बसावे असे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आले नव्हते. ते माझ्या पुतणीच्या मनात आले. ती पणजीस नोकरी करते आणि आपल्या पिढीप्रमाणे प्रत्येक जुन्या गोष्टीकडे जाण्याची एखादी नवी वाट तिला ठाऊक असते.

“काका,” ती म्हणाली, “दिवाडीवर विजेच्या सायकलींवरून हिंडवून आणतात. बरोबर वाटाड्या असतो. जुन्या गोव्याच्या बाजूने जायचे, बेट पाहायचे आणि शेवटी नार्व्याला उतरायचे. अभिषेक दुपारचा सांगा.”

मी शेवटची सायकल विधी महाविद्यालयात असताना चालवली होती. ‘विजेची सायकल’ म्हटल्यावर प्रथम मनात आले ते भय नव्हे, कलम. केंद्रीय मोटार वाहन नियमावली, १९८९, हिच्या दुसऱ्या नियमात विजेवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येला एक परंतुक जोडले आहे. परंतुक हा आमच्या धंद्यातील सर्वांत सुपीक प्रदेश. हे परंतुक म्हणते की ज्या सायकलीची मोटार पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची आहे, ताशी २५ किलोमीटरांचा वेग गाठताच जिचे साहाय्य आपोआप बंद होते, आणि चालवणाऱ्याने पाय थांबवले तर त्याआधीच बंद होते, ती सायकल योग्य त्या तपासणीनंतर ‘मोटार वाहन मानली जाणार नाही’. म्हणजे मोटार आहे, वाहन आहे, पण मोटार वाहन नाही! उपनिषदांतील नेति नेतिनंतर नकाराचे इतके सुंदर उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पाव किलोवॅट म्हणजे हिशेबाने एका अश्वशक्तीचा तिसरा हिस्सा. घोड्याचा तिसरा हिस्सा आणि उरलेला मी, अशा भागीदारीत निघायला हरकत नव्हती.

कार्तिक संपत आला होता. सकाळी जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून आम्ही धक्क्यावर उतरलो. वास्को द गामाच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, आपल्या पणजोबाच्या स्मरणार्थ ही कमान बांधली. नवा अधिकारी पोर्तुगालहून आला की याच दारातून शहरात शिरत असे. आज तिच्याखालून मासळीच्या पाट्या, शाळेची मुले आणि दुचाक्या जातात. फेरीबोटीवरून मांडवीवरचा रेल्वेचा पूल दिसतो. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली तेव्हापासून मुंबई-मंगळुराच्या गाड्या दिवाडी बेटावरून धडधडत जातात, पण बेटावर त्यांचे स्थानक नाही. बेटावरच्या माणसाला गाडी पकडायची तर नदी ओलांडून करमळीस यावे लागते. आपल्या परसातून जाणाऱ्या गाडीसाठी होडीत बसणारी ही माणसे त्याबद्दल चिडून बोलत असतील अशी माझी कल्पना होती; बोटीवरच्या एका म्हाताऱ्याने मात्र पुलाकडे पाहून शांतपणे एवढेच म्हटले की गाडी वेळेवर आहे. तो घड्याळ लावीत होता.

पलीकडे वाटाडा सायकली मांडून उभा होता. तिशीच्या आतबाहेरचा, मालारचा राहणारा, ख्रिस्ती मुलगा. माझ्याशी कोंकणीत, इतरांशी इंग्रजीत आणि सायकलींशी मौनाने बोलणारा. आमच्या टोळीत आम्ही दोघे, बंगळुराहून आलेल्या दोन मैत्रिणी, आणि पुण्याचे एक सेवानिवृत्त अभियंते व त्यांच्या पत्नी. त्याने प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण बसवले, पट्टे स्वतः आवळले आणि मला सांगितले की पायंडलावर जोर देऊ नये, नुसता पाय फिरवावा. चाकाच्या तुंब्यात मोटार, दांडीला विजेचा साठा, पाय फिरतो आहे की नाही हे ओळखणारे एक लहानसे यंत्र. एवढाच सारा संसार. पाय फिरला की कोणीतरी पाठीमागून हात लावावा तसा एक मऊ रेटा मिळतो. लहानपणी सायकल शिकताना वडील असेच पाठीमागून धरीत. फरक एवढाच की हे यंत्र मध्येच हात सोडून देऊन ‘शिकलास’ म्हणत नाही.

चढावर या रेट्याची किंमत कळते. बेट सखल आहे, पण मध्ये पियेदादची टेकडी आहे आणि टेकडीवर पांढरे शुभ्र चर्च. एरवी मी तो चढ धापा टाकीत चढलो असतो आणि माथ्यावर पोचल्यावर पाहण्याऐवजी बसलो असतो. येथे श्वास शिल्लक राहतो, आणि आवाज नसल्यामुळे कानही. घराघरांतून भांड्यांचे आवाज, कोणाच्या तरी ओसरीवरून येणारे कोंकणी भांडण, बुलबुल, सारे ऐकू येते. मोटारीतून गेलो असतो तर पत्रावर दिवाडी पाहिली असे लिहिता आले असते, ऐकली असे नसते लिहिता आले.

टेकडीवर पूर्वी गणपतीचे देऊळ होते असे मानतात; तोच आजचा खांडोळ्याचा महागणपती. चर्चच्या शेजारी दफनभूमी आहे आणि तिच्यात एक लहानशी इमारत, जिचे छत वर मान करून पाहिल्यावाचून कळत नाही. वाटाड्याने आम्हांला तेथे नेले आणि काही न बोलता वर बोट केले. दगडात कोरलेले कमळ. कदंबकालीन नक्षी, जुन्या देवळाचा राहिलेला भाग. खाली कबरी, फुले, मेणबत्त्यांचे थेंब, वर पाकळ्या. अभियंत्यांनी खालून छायाचित्र घेतले आणि दगडांची सांधेजोड कशी केली असेल याचा तर्क सांगू लागले. मी वर पाहत राहिलो, मानेला रग लागेपर्यंत. देवळाचे छत ज्याने पहिल्यांदा पाहिले असेल त्याच्यात आणि माझ्यात काही नाते असण्याचा संभव होता, आणि तितकाच त्या वाटाड्यात असण्याचाही. हा विचार तेव्हा पुरा झाला नाही, कारण आम्हांला उतरायचे होते.

उतरताना त्याने बोंदेराची गोष्ट सांगितली. ती प्रत्येक दिवाणी वकिलाने ऐकावी अशी आहे. बेटावर वाड्यावाड्यांत हद्दीची भांडणे फार. माणसे जिवानिशी जात. तेव्हा पोर्तुगीज अमलात हद्दीवर निशाणे रोवली गेली. लोकांनी ती दगड मारून पाडली. पुन्हा रोवली, पुन्हा पाडली. शेवटी भांडण विसरले गेले आणि पाडण्याचा आनंद उरला. आज ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी रंगीबेरंगी निशाणांची मिरवणूक निघते आणि बांबूच्या नळीतून रानफळांचा मारा करीत एकमेकांची खोडी काढली जाते. ‘बांदेरा’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत निशाण, त्यावरून बोंदेरा. माझ्या दप्तरात एक हद्दीचा दावा आहे, तो माझ्या अशिलाच्या वडिलांनी दाखल केला होता. सणात रूपांतर होण्याइतका तो अजून पिकलेला नाही.

टेकडी उतरल्यावर खाजणे लागतात, आणि बेटाचा खरा चेहरा तेथे आहे. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. समुद्राचे खारे पाणी मांडवीतून दिवसातून दोनदा आत शिरते. बांध नसेल तर शेत राहणार नाही, आणि बांध पुरता बंद असेल तर पावसाचे पाणी बाहेर जाणार नाही. म्हणून बांधात मानस ठेवतात, म्हणजे लाकडी दारे. ती अशी बसवलेली असतात की बाहेर भरती आली की पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पहारेकरी नको, किल्ली नको. आमच्या सायकलींच्या मोटारीचे कौतुक करणारे अभियंते या दारापाशी उतरले आणि कितीतरी वेळ गप्प उभे राहिले. मग पत्नीला म्हणाले, “हे पाहा, दिवसातून दोनदा, आणि वीज नाही.” दिवसभरात मला त्यांचे हे वाक्य सर्वांत आवडले.

कापणी होऊन गेली होती. खुंटांमधून बगळे चालत होते, एक खंड्या मानशीच्या खांबावर बसून पाण्याकडे पाहत होता. बांधावरची वाट हातभर रुंद. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला नदीच्या पातळीहून खाली असलेले शेत. आपण दोहोंच्या मध्ये, दोन चाकांवर. येथे सर्वांनीच सायकली हातांत धरल्या, आणि वाटाडा माझ्या शेजारून चालू लागला. मी बेळगावचा वकील आहे, आणि कशासाठी नार्व्यास निघालो आहे, हे पुतणीने त्याला सांगितलेले दिसले.

“वकीलबाब,” त्याने विचारले, “तुमी कोमुनिदादीचो कायदो शिकल्यात?”

शिकलो होतो, आवडीने. गोव्याच्या गावकरीची चालरीत आफोंसो मेशिया नावाच्या अधिकाऱ्याने १५२६ साली लिहून काढली. त्या फोरालात जे लिहिले ते त्याच्या आधीपासून चालत आलेले होते : गावाची जमीन गावकऱ्यांची सामाईक, ती लिलावाने कसायला द्यायची, सरकारचा फाळा आधी काढायचा, देवळाचा, बांधांचा खर्च भागवायचा आणि उरेल ते आपसांत वाटायचे. गावकऱ्याच्या त्या वाट्याला जोण म्हणतात. कोमुनिदाद हे तिचेच पुढचे नाव, आणि तिची शेवटची संहिता पोर्तुगिजांनी जाता जाता १९६१ साली केली. पुढे १९६४ चा कूळकायदा आणि त्याच्या सुधारणा आल्या. भातशेते कसणाऱ्यांची झाली आणि बांधांची देखभाल कुळांच्या संघांकडे गेली.

त्या मुलाचे वडील मालारचे गावकर. वर्षाची जोण एखाद्या जेवणाच्या खर्चाइतकीही येत नाही, पण ती घ्यायला ते स्वच्छ सदरा घालून जातात, असे तो हसत म्हणाला. मग हसणे थांबवून त्याने एका तुकड्याकडे बोट केले. तेथे बांध फुटला होता आणि शेतात कांदळ उगवले होते. मुले परदेशी, जमीन पडीक. एकाने आपल्या पुढचा बांध सोडला की शेजाऱ्याचे पीक खारावते. बांध हा असा दस्त आहे की त्याच्यावर सर्वांची सही लागते, आणि दर वर्षी नव्याने लागते.

नार्व्याकडे वळलो तेव्हा ऊन चढले होते. जुन्या देवस्थानाचे कोटीतीर्थ म्हणून जे तळे सांगतात ते चिऱ्याच्या दगडात बांधलेले आहे. काठाच्या भिंतीत लहान लहान कोनाडे आहेत, एकेकाळी त्यांत दिवे किंवा मूर्ती असाव्यात अशा आकाराचे. देऊळ नाही. देवळाची जागा आहे, आणि जागेला झाडांनी आपले म्हटले आहे. वाटाड्याने इतरांना दोन वाक्यांत इतिहास सांगितला : येथे कदंबांचे देऊळ होते, पोर्तुगिजांनी पाडले, देव आता नदीपलीकडे आहे. पर्यटकांना पुरेशी माहिती. मी मात्र तेथे माहितीसाठी आलो नव्हतो. ज्या जागेचे नाव आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या घेतले गेले तिच्यावर मी पहिल्यांदा उभा होतो, आणि मनात एक शब्द सारखा येत होता : आमचे. चर्चच्या छताखाली तो आला नव्हता. तेथे कमळ पाहून नुसते आश्चर्य वाटले होते; येथे हक्क वाटला.

अशा वेळी अभियंत्यांनी तो प्रश्न विचारला. विचारणारे गृहस्थ सरळ मनाचे होते, आणि कदाचित त्यामुळेच त्यांनी तो वाटाड्यालाच विचारला. मराठीत विचारला, आपल्याला कळणार नाही अशा समजुतीने नव्हे, आपलेपणाने. “एवढे सगळे झाले आणि देव निघून गेला, तर तुमचे पूर्वज त्याच्याबरोबर का नाही गेले?”

बंगळुराच्या मुली तळ्याचे छायाचित्र घेत होत्या. पुतणीने माझ्याकडे पाहिले. वाटाड्याने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही, आवाजही चढवला नाही. हा प्रश्न त्याला नवा नसावा. माझ्याकडे वळून, कोंकणीतच, जणू मी दुभाषा आहे अशा रीतीने तो म्हणाला, “सगळे गेले जाल्यार बांद कोण सांबाळटलो?”

मी ते मराठीत सांगितले. सांगताना मला एक कागद आठवत होता. ३० जून १५४१ चा तो कागद आहे. देवळे पाडून झाल्यावर त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याला मिळावे अशी योजना झाली, आणि त्या योजनेला बेटांच्या गावकऱ्यांची ‘संमती’ घेण्यात आली. संमती! करारात स्वेच्छा नसेल तर करार रद्दबातल ठरू शकतो, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. बाहेर फौज उभी असताना दिलेल्या संमतीला न्यायाची भाषा काय म्हणते हे ठाऊक आहे. पण ज्यांनी ती दिली त्यांच्यापुढे वकील नव्हता आणि अपील ऐकायला न्यायालय नव्हते. त्यांच्यापुढे नदी होती. नदीच्या या बाजूला पोर्तुगालच्या राजाचा अंमल, त्या बाजूला आदिलशाहीचा. अधिकारक्षेत्राची हद्द इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. आणि इतिहासाचा विनोद असा की ज्या बहामनी सत्तेच्या काळात देऊळ प्रथम पडले तिच्याच वारसदारांच्या मुलखात देवाला आसरा मिळाला.

त्या कागदापूर्वी गावकर आणि महाजन ही एकाच माणसाची दोन नावे होती. जमिनीच्या हिशेबाला बसला की तो गावकर, देवळाच्या उत्सवाला उभा राहिला की महाजन. सोळाव्या शतकाने त्या माणसाचे दोन तुकडे केले. महाजन देव घेऊन होडीत बसला आणि त्याची जमीन गेली. गावकर बांधावर राहिला आणि त्याचा देव गेला. कोठे एकाच घरातील भाऊ वेगळे झाले, कोठे बाप आणि मुलगा. गोव्यातील कितीतरी गावांत ख्रिस्ती घराण्यांना आपले हिंदू आडनाव अजून सांगता येते. आम्ही नेलेल्या देवाला अभिषेक चालू राहिला याचे श्रेय आम्ही घेतो, आणि ते आमचेच आहे. पण ज्या तळ्याच्या काठी मी उभा होतो ती जमीन समुद्राने गिळली नाही याचे श्रेय दुसऱ्या कोणाचे तरी होते, आणि त्याचा वंशज हातात विजेची सायकल धरून माझ्यासमोर उभा होता. ‘आमचे’ हा दावा मी मनातल्या मनात मागे घेतला नाही. त्यात एक सहवादी दाखल केला. दिवाणी प्रक्रियेत तशी सोय आहे.

अभियंते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वाटाड्याला विचारले, मानशीचे लाकूड किती वर्षे टिकते? दोघे त्यावर बोलत तळ्यापासून दूर गेले. मला ते बरे वाटले. माफीची भाषा पुष्कळांना येते, चौकशीची थोड्यांना.

मी काठावर खाली वाकून तळ्याचे पाणी हातात घेतले. शेवाळाचा वास होता. पुतणीने बरोबर आणलेल्या तांब्याच्या गडूत थोडे भरून घेतले. ते अभिषेकाला चालेल की नाही हे भटजींना विचारायचे असे ठरले. वाटाडा लांबून पाहत होता. सायकलींना चारच्या फेरीपूर्वी विजेवर लावायचे असते, त्यामुळे त्याला घाई होती, पण त्याने ती दाखवली नाही.

धक्क्यावर आम्ही दोघांनी सायकली त्याच्या हवाली केल्या. बाकीची मंडळी त्याच्याबरोबर मागच्या वाटेने परतणार होती. शिरस्त्राण काढल्यावर डोके हलके वाटले आणि पाय जड. पंधरा किलोमीटरांतली माझी भागीदारी पायांनी प्रामाणिकपणे निभावली होती. मी त्याला पुढच्या वर्षी गोकुळाष्टमीला येईन म्हटले. त्या दिवशी नार्व्यास पंचगंगेत स्नानाला माणसे लोटतात. “तेन्ना पावस आसतलो,” तो म्हणाला, “सायकल ना. चलत या.”

फेरीबोट मिनिटांत पलीकडे लागते. ज्या धक्क्यावरून इतकी वर्षे आम्ही समोर पाहिले होते त्या धक्क्यावर मी समोरच्या बाजूने उतरलो. देवळात भटजींनी गडूतले पाणी पाहिले, वास घेतला, गाळून घ्यायला सांगितले आणि अभिषेकाच्या पाण्यात मिसळले. लिंगाच्या पैलूंवरून ते इतर पाण्यासारखेच ओघळले.

सभामंडपात एक वृद्ध बाई अबोलीचे वळेसर करीत बसल्या होत्या. माशेलच्या, दर सोमवारी येणाऱ्या. पाणी कोठले हे त्यांनी ऐकले होते. मी बाहेर येताच हातातला दोरा तसाच धरून त्यांनी विचारले, तळीत अजून पाणी आहे का? किती? कोनाडे शाबूत आहेत का? काठापर्यंत जायला वाट आहे, की कोणाच्या भाटातून जावे लागते? मी खांबाला टेकून बसलो आणि एकेका प्रश्नाचे उत्तर देऊ लागलो. पाणी आहे. गुडघ्याच्या वर असावे. उत्तरेकडचे कोनाडे बरे आहेत, दुसऱ्या बाजूचे काही झाडांच्या मुळांनी फोडले आहेत. वाट आहे, मालारचा एक मुलगा दाखवतो.